देश सोडायचा अर्ज

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. सभेत माईक हातात घेऊन ठेकेदाराला जाब विचारणारी मुलगी भित्री कशी, असं लोकांना वाटतं. माईकसमोर मला भीती वाटत नाही, कारण समोर आपलीच माणसं बसलेली असतात. भीती नंतर वाटते, घरी, चुलीजवळ बसल्यावर.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. जंगलात बंदूकवाले आले म्हणून सरकारने जागोजागी पोलीस कॅम्प बसवले, आणि बघता बघता तेंदूपानाचा रास्त दर मागणारा प्रत्येक माणूस बंदूकवाल्यांचा ठरू लागला. माझ्याजवळ बंदूक नव्हती. सायक्लोस्टाइलचं एक जुनं मशीन होतं, तेही मागून आणलेलं. ठेकेदाराचा मुनीम बायांनी बांधलेले पानांचे पुडे खराब म्हणून बाजूला टाकतो आणि संध्याकाळी तेच पुडे ट्रकमध्ये भरतो, याला चोरी म्हणतात, एवढंच मी लिहिलं होतं. त्या एका पत्रकासाठी मला ठाण्यात बोलावून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. कोणी हात लावला नाही, शिवीसुद्धा दिली नाही. मधूनमधून एकजण बाहेर येऊन माझ्याकडे बघायचा, आत जाऊन काहीतरी सांगायचा, आणि आतून हसण्याचा आवाज यायचा. शेवटी म्हणाले, जा. पुढचा आठवडाभर मी जेवले की ओकत होते.

त्याच हिवाळ्यात तैवानच्या एक भिक्खुणी नागपूरच्या एका विहारात आल्या. त्यांच्या मठाची अनाथ मुलींची शाळा होती आणि थोडंफार इंग्रजी येणाऱ्या बौद्ध मुली त्यांना तिथं कामाला हव्या होत्या. मी बी.ए. झालेली. कोणीतरी माझं नाव सुचवलं, मी गेले. नागपूरचे एक उपासक मध्ये बसून त्यांचं बोलणं आम्हाला मराठीत सांगत होते.

तिथं कायमचं राहता येईल, म्हणाल्या. काही वर्षांनी नागरिकत्वही मागता येईल. कसं, ते मी खोदून विचारलं, तेव्हा कळलं की आधी भारताचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला आणायचा, मग ते त्यांचं द्यायचं की नाही ते ठरवणार.

"आणि मधल्या काळात मी कुठली?" मी विचारलं.

उपासकांनी विचारून घेतलं आणि हसत सांगितलं, "त्या म्हणतात, मधल्या काळात तू बुद्धाची."

सगळे हसले, मीही हसले. पण मनात आलं, बुद्ध काही ठाण्यात येऊन जामीन राहत नाही.

तिथं पत्रकं काढता येतात का, हेही विचारलं. भिक्खुणींनी उपासकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि फक्त नकारार्थी मान हलवली. तिकडे कित्येक वर्षांपासून लष्करी कायदा होता. आपल्या देशाचा दूतावासही तिथं नव्हता, म्हणजे काही झालं तर कोणाचं दार ठोठावायचं, तेही ठरलेलं नाही. एका ठाण्याच्या भीतीने मी जिथं पळू बघत होते तिथं तोंड उघडायचीच सोय नव्हती. तरी त्या क्षणी ती जागा मला बरी वाटली, हे लिहायला लाज वाटते. तोंड उघडलं नाही तर बाकावर कोण बसवणार?

बाबा वारल्यापासून घरी आम्ही दोघीच, माय आणि मी. तिला सगळं सांगितलं.

"तिथी भात खातेत का?" तिने विचारलं.

"भातच खातात."

"मंग काय अडलं? इथी तू भात खाऊन राह्यली का ओकून राह्यली?"

"देश सोडावा लागते, माय. तसं लिहून द्यावं लागते."

"तुया बाबानं छप्पन साली धर्म सोडला तवा त्याची माय तीन दिवस रडली. त्यानं काई मेला नाई तो. इथी राह्यली त तू मरशीन."

मायचं बरोबर होतं, पण पुरतं नव्हतं. बाबांनी धर्म सोडला तेव्हा अख्खी वस्ती पांढरे कपडे घालून सोबत होती. मला एकटीला, कुठल्या तरी कचेरीत, माझ्या प्रत्येक पत्रकात ज्याची साक्ष काढते ते संविधान सही करून परत द्यायचं होतं. ज्यांनी बाकावर बसवलं त्यांनी देश सोडायला हवा, मी काऊन सोडू? असं मी चुलीपुढे मोठ्याने म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी पासपोर्टचा फॉर्म भरून पाठवला. राग खरा होता, पण भीती त्याहून जास्त खरी होती.

फॉर्म गेला की पोलीस गावात येऊन चौकशी करतात, हे मला ठाऊक होतं. लोकांना सांगायला मी विसरले. आणि ते विसरणं भलतंच महागात पडलं. कारण ठाण्यातून सुटून आल्यावर मी एक पत्रक काढलं होतं: पोलिसांनी कोणाबद्दलही विचारलं तर म्हणा, माहीत नाही, नाव सांगू नका, घर दाखवू नका. आमच्या वस्तीत वाचता येणारे थोडे, म्हणून दर पौर्णिमेला विहारात वंदना झाली की मी ते वाचून दाखवायचे आणि सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचे.

उन्हाळा लागला, पानतोडी सुरू झाली. मी पत्रकांसाठी कोरा कागद आणायला चंद्रपूरला गेले होते. परत आले तर शेजारचे भाऊ ओट्यावर वाटच बघत बसलेले.

"पोलीसवाला आला होता सायकलीनं. तुयं नाव घेऊन विचारून राह्यला होता. आमी सांगतलं, अशी पोरगी या गावातच नाई."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यायनं. तुया मायनं बी. म्हणे, मले पोरगीच नाई."

माय दारात उभी होती. शाबासकी मिळेल या आशेने म्हणाली, "तूच शिकवलं नं वो."

मला हसू आलं, आणि मग फॉर्म आठवला. दिलेल्या पत्त्यावर असं कोणी राहत नाही, असं आता सरकारी कागदावर लिहिलेलं असणार. पासपोर्टच्या फॉर्मात खोटा पत्ता देणं हा गुन्हा आहे, ते फॉर्मवरच छापलेलं होतं. म्हणजे मला पुन्हा त्याच ठाण्यात जायचं होतं, आपण आहोत हे सांगायला.

ठाण्यात म्हणाले, वस्तीतली चार माणसं आण, ओळख पटवू दे. चौघं बैलगाडीत बसून आनंदाने आली: भाऊ, विहाराची देखरेख करणारे म्हातारे बुवा, आणि तेंदूपानाच्या दरासाठी झालेल्या संपात पुढे असलेल्या दोघी बाया. धुतलेले पांढरे कपडे घालून.

सायकलवाला शिपाईच लिहायला बसला. "त्या दिवशी त म्हणत होते, अशी पोरगीच नाई गावात."

"नव्हतीच ना साहेब," भाऊ म्हणाले. "चंद्रपूरले गेली होती. खोटं काऊन सांगू?"

शिपाईही हसला. मग लिहू लागला. नाव, बापाचं नाव, घर. हिला कधीपासून ओळखता? कशी ओळखता? बुवा म्हणाले, आमच्या विहारात पत्रक वाचते. शिपायाने मान खाली घालून ते लिहिलं. ऐकायला कोण कोण येतं? दोघींतली थोरली बाई छाती पुढे काढून म्हणाली, "मीच बलावतो सगळ्यायले. घरोघरी जाऊन." माझी ओळख पक्की व्हावी म्हणून बिचारी सांगत होती. संपाच्या वेळीही तूच बोलावलंस का, त्याने अगदी सहज विचारलं. ती हो म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. पत्रकात एवढे महिने जे सांगू नका म्हणत होते, ते मी चौघांना गाडीत बसवून सांगायला आणलं होतं. माझी वाट मोकळी व्हावी म्हणून. हे झालं की मी विमानात बसणार आणि ही चौघं परत वस्तीत.

"राहू द्या साहेब. मला जायचं नाही," मी उठून म्हणाले.

"कुठं?"

"परदेशी. अर्ज मागे घेते."

त्याने कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहून दिलं. खाली सही केली. मग मी म्हणाले, "आता हा जबाबाचा कागद मला द्या."

"तो कसा देऊ? तो आता सरकारी झाला," तो म्हणाला आणि कागद फायलीत ठेवून नाडी बांधली.

गाडीत भाऊ रागावले. "एवढे कपडे धुवून आलो अन् हे मधातच पाय काढते. भेली का विमानाले?"

"हो," मी म्हणाले.

 गाव जवळ आल्यावर थोरली बाई हळूच म्हणाली, "माह्यं बोलणं बी लिवून घेतलं त्यानं. त्याचं काय करते तो?"

काही नाही करत, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तिला खोटं सांगवेना, खरं सांगायची हिंमत होईना. पानतोडीला उद्या किती वाजता निघतेस, एवढंच विचारलं. दिवस उगवायच्या आधी, ती म्हणाली. मी म्हटलं, थांब माझ्यासाठी, मी सोबत येते.