जुन्या आवृत्तीसाठी एक ओळ

आई पुण्याला भावाकडे कायमची राहायला गेली आणि इथे हिंदी मुलखात, अवधपुरीच्या घरात मी एकटी उरले. वडील नागपूरहून इथल्या कारखान्यात आले होते, इथेच निवर्तले. मी घरूनच काम करते. दिवसभरात मीटिंगमधलं इंग्रजी आणि दूधवाल्याशी दोन वाक्यं हिंदी, एवढंच काय ते बोलणं. मराठी फक्त रविवारी, आईच्या फोनवर.

नोकरीबाहेरचं माझं एक काम होतं. जुन्या मराठी फॉन्टांत टाइप केलेला मजकूर आजच्या युनिकोडमध्ये आणणारी छोटीशी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिली होती आणि कुणालाही वापरता यावी म्हणून इंटरनेटवर ठेवली होती. पायथनची नवी आवृत्ती निघाली की आधीच्या काही सोयी काढून टाकतात. त्या वर्षी तसंच झालं आणि माझी लायब्ररी नव्या पायथनवर बसेचना. मी तिची बांधणी नव्याने केली. ते करताना जुन्या पायथनसाठी जपलेला कोडही काढून टाकला. इतकं जुनं आता कोण वापरतंय, असं वाटलं.

आठवड्याने एक मेल आली. रोमन अक्षरांतलं मराठी, ‘तुमचा प्रोग्राम बंद पडला’ एवढंच, आणि खाली फोन नंबर. मी फोन लावला. पलीकडे अमरावतीचे एक निवृत्त गृहस्थ होते.

"ताई, काल-परवापर्यंत छान चालायचा हो," ते म्हणाले. "पुतण्यानं लावून दिला होता. तो आता परदेशी आहे. मी नुसतं त्या चित्रावर दाबतो, तो आपला आपण अपडेट होतो आणि सुरू होतो."

"कॉम्प्युटर किती जुना आहे, काका?"

"बायकोचा आहे. ती शिक्षिका होती. वऱ्हाडी शब्द गोळा करायची, त्यावरच टाइप करायची. दोन वर्षं झाली तिला जाऊन."

मी त्यांना स्क्रीनवरची लाल अक्षरं वाचायला लावली आणि चूक माझीच निघाली. नव्या लायब्ररीला किमान कुठलं पायथन लागतं, ते सांगणारी एक ओळ पॅकेजमध्ये लिहायची असते. ती मी विसरले होते. त्यामुळे त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरने माझी नवी लायब्ररी मुकाट्याने उतरवून घेतली आणि प्रोग्राम तिथेच कोलमडला.

मी ती लायब्ररी मागे घेतली आणि ओळ घालून पुन्हा प्रसिद्ध केली. आता जुनं पायथन आपोआप लायब्ररीची मागची आवृत्ती उचलणार होतं. मग त्यांना फोन करून म्हटलं, "दाबा बरं चित्रावर."

पलीकडे माउसची टिकटिक ऐकू आली. मग ते सावकाश वाचू लागले, "सांबार. म्हणजे कोथिंबीर."

"आमच्याकडेही सांबारच म्हणायचे," मी म्हणाले. आई पुण्याला गेल्यापासून हा शब्द मी उच्चारलाच नव्हता. बाजारात मी धनिया मागते.

"काकूंच्या किती फायली बदलायच्या राहिल्यात, काका? सगळ्या एकदमच बदलता येतील. मी सांगते कसं ते."

"नको," ते घाईने म्हणाले. "मी रोज एकच करतो. एकदम केल्या तर उद्या काय करू?"

त्यानंतर मीच अधूनमधून फोन करायचे. "चालतंय ना, काका?" "चालतंय, ताई." बोलणं एवढंच. तरी फोन लगेच कुणी ठेवायचं नाही.

एका दुपारी त्यांचा फोन आला. "आज शेवटची झाली."

"आता?"

"आता मुलीकडे, हैदराबादला. कॉम्प्युटर नाही नेत. तिच्याकडे जागा नाही. शब्द तेवढे पेन ड्राइव्हवर घेतलेत."

मधेमधे फोन करत जा, असं म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "प्रवास जपून करा."

"हो. तुम्ही पण वेळेवर जेवत जा."

माझ्या जेवणाबद्दल मी त्यांना कधीच काही सांगितलं नव्हतं. फोन ठेवला तेव्हा चार वाजत आले होते. मग उठले आणि भात लावला.