वर्ध्यात हत्ती नाही, दात आहेत

वनखात्यात नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं, आता वाघ-बिबट्याचे किस्से सांगत म्हातारपण काढू. पण माझ्याकडे साठत गेले ते हत्तीचे. आणि गंमत म्हणजे आमच्या वर्धा जिल्ह्यात हत्तीच नाही! हत्ती पाहायचा तर गडचिरोलीकडे जावं लागतं. मागे एकदा कुठल्याशा साधूंसोबत एक हत्ती नागपूर रोडने चालत गेला, तेवढाच. तो गेल्यावर लोक त्याच्या लिदीला हात जोडून घरी गेले.

पण हत्ती नसला तरी त्याचे दात निघतात. कुणाच्या पेटीतून, कुणाच्या देवघरातून, कुणाच्या थैलीतून. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात. आमच्या वाट्याला लपवायचे आले.

मी इथल्या एका रेंजमध्ये वनपाल म्हणून काम करते. आमचे रेंज ऑफिसर धोटेसाहेब, माणूस सरळ, फक्त भाषण सुरू झालं की थांबत नाही. दुसरे आमचे वनरक्षक गुणवंतभाऊ, आंजीचे. त्यांच्या घरची पिढ्यान् पिढ्या भाजीची वाडी. ही वाडी लक्षात ठेवा, पुढे कामी येते.

*

एकदा पेपरात बातमी आली की कागद नसताना हस्तिदंत घरात ठेवणं गुन्हा आहे. दुसऱ्याच दिवशी भांड्यांच्या दुकानाचे एक मालक घाम पुसत ऑफिसात आले. हातात आजोबांची काठी. काठीची मूठ पांढरी, गुळगुळीत, हत्तीच्या सोंडेसारखी वळलेली. आजोबा म्हणे सांगायचे, एका राजाने खूश होऊन दिली.

खरा दात असला की कापलेल्या टोकाशी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. हाड असलं की बारीक भोकं दिसतात. या मुठीत दोन्ही नव्हतं. मग गुणवंतभाऊंनी सुई तापवून एका कडेला टेकवली. सुई लोण्यात गेल्यासारखी आत गेली आणि ऑफिसभर जळक्या बादलीचा वास सुटला.

साहेब म्हणाले, अभिनंदन, प्लास्टिक आहे, तुमच्यावर काही केस होत नाही. मालकांचा चेहरा मात्र पडला. आजोबांनी गावभर मिरवलेला राजा त्या वासासोबत उडून गेला होता. ते दारापर्यंत गेले, परत आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, एक मेहरबानी करा. कोणी इचारलं तर जप्त केली म्हणून सांगा."

*

आता गुणवंतभाऊंची वाडी.

खबर आली की केळझरच्या पुढे एका ढाब्यावर एक माणूस दाताचा तुकडा विकायला गिऱ्हाईक शोधतो आहे. असा माणूस माल कधी सोबत ठेवत नाही. आधी मोबाईलवर फोटो दाखवणार, भाव ठरणार, मग माल येणार. म्हणजे आम्हाला एक नकली गिऱ्हाईक लागणार होतं.

भाऊंना पांढरा सफारी घातला, साहेबांचा गॉगल दिला आणि टोपी चढवली. सूचना अगदी सोपी होती. तो सांगेल त्या भावाला हो म्हणायचं आणि माल घेऊन बोलवायचं. माल समोर आला की टोपी काढायची, बाकी आम्ही बघतो. मी आणि ड्रायव्हर वासुदेव शेजारच्या टेबलावर नवरा-बायको होऊन आलुबोंडा खात बसलो. साहेब बाहेर जीपमध्ये.

त्याने फोटो दाखवला. भाव सांगितला. भाऊंनी गॉगल काढून मोबाईल डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, आणि खाली ठेवला. म्हणाले, "एवढ्यात तर अख्खा हत्ती येते!"

मी आणि वासुदेवने एकमेकांकडे पाहिलं. भाऊ थांबेचनात. फोटोतला डाग दाखवून झाला, माल जुना असल्याचं सांगून झालं, दुसरीकडे स्वस्त मिळतो म्हणून उठायचं नाटकही करून झालं. शेवटी तो माणूसच चिडून उठला आणि निघाला. भाऊ पाठमोऱ्या माणसाला म्हणाले, "बरं, वरून काय देता ते तरी सांगा."

आमच्याकडे भाजी घेतल्यावर वरून सांबार मागतात. सांबार म्हणजे कोथिंबीर. तशी सवयीनं जीभ गेली.

साहेबांनी जीपमध्ये भाऊंना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. भाऊंचं म्हणणं एकच होतं, की पहिल्याच भावाला हो म्हणणारा माणूस पाहून त्याला संशय आला असता. साहेबांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा फोन आला. भाऊंचा भाव त्याला मंजूर होता. त्याच ढाब्यावर दुपारी थैली घेऊन आला, भाऊंनी टोपी काढली आणि आम्ही त्याला धरला. पंचांसमोर थैली उघडली तर एक मोठा तुकडा, आणि तळाशी कागदात गुंडाळलेला एक छोटा. साहेबांनी विचारलं, हा काय? त्याने खाली मान घालून गुणवंतभाऊंकडे बोट दाखवलं.

"त्यायनं वरून मांगतला होता."

*

तो जप्त दात आमच्या ऑफिसच्या लोखंडी कपाटात सीलबंद होता. पुढे कोर्टात हजर करायची वेळ आली. पाकीट टेबलावर ठेवलं, आणि आरोपीच्या वकिलांनी चष्मा वर केला. पाकिटावर हळद-कुंकू, एक वाळलेलं आपट्याचं पान आणि तांदळाचे दोन दाणे चिकटलेले.

झालं असं होतं की मध्ये दसरा येऊन गेला होता. दसऱ्याला आमच्याकडे जीप, बंदूक, कुऱ्हाड, पंचिंग मशीन, सगळ्यांची पूजा होते. कपाट उघडं होतं. पूजा करणाऱ्याने समोर जे दिसलं त्याला बोट लावलं. तो पूजा करणारा कोण, हे साहेब आजही सांगत नाहीत, पण ताट त्यांच्याच घरून आलं होतं.

वकील म्हणाले, पुराव्याला हात लागला आहे. सील शाबूत आहे, हळद फक्त वर आहे, असं साहेब परोपरीने सांगत होते. न्यायाधीशांनी पाकीट उलटून पाहिलं. मग त्यांची नजर स्वतःच्या टेबलाच्या कडेला खोचलेल्या सुकल्या झेंडूवर गेली. थोडा वेळ ते झेंडूकडेच पाहत राहिले.

"पुढे चला," ते म्हणाले.

*

अल्लीपूरला बचत गटाच्या बायकांसमोर आमचा जनजागृतीचा कार्यक्रम होता. धोटेसाहेब रंगात आले होते. बायका एकीकडे ऐकत होत्या, एकीकडे घड्याळाकडे पाहत होत्या. मागच्या रांगेतून एक सत्तरीच्या आजी उठल्या. अनसूयाआजी. त्यांनी विचारलं की दात आपोआप गळत असतील ना, चितळाचं शिंग झडतं तसे? मग लोक ते वेचून आणत असतील, त्यात चूक काय?

प्रश्न भोळा होता, पण मला आवडला. मलाही नोकरीत येण्याआधी तसंच वाटायचं. साहेबांनी समजावून सांगितलं की हत्तीचा सुळा झडत नाही. त्याचं मूळ कवटीत खोल असतं. तो काढायचा म्हणजे आधी हत्ती मारावा लागतो आणि मग त्याचं तोंड कापावं लागतं.

आजी बसल्या. पुढचा सगळा कार्यक्रम त्या आपल्या मनगटाकडे पाहत होत्या. मनगट रिकामं होतं.

*

पुढच्याच आठवड्यात आजी एसटीने ऑफिसात हजर. सोबत नात, वैशाली. तिचं लग्न ठरलं होतं, दिवाळीनंतरचं. आजींनी पदराची गाठ सोडली आणि टेबलावर एक बांगडी ठेवली. पिवळट पांढरी, रुंद. सुई तापवायची गरजच पडली नाही. कडेला रेघांची जाळी स्वच्छ दिसत होती.

आजींचे वडील हिंगणघाटला जिनिंगमध्ये मुनीम होते. शेठजींनी आजींच्या लग्नात हातात घालायला दिलेली ती बांगडी. नातीच्या लग्नात तिच्या हातात घालायची, हे आजींनी ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. आता ती आमच्या टेबलावर होती, आणि आजी तिच्यावरून एक बोट फिरवत होत्या.

"मले वाटे, हत्तीनं देली," त्या म्हणाल्या. "इतके वर्षं मी त्याचे उपकार मानत होती."

साहेबसुद्धा पहिल्यांदाच भाषण विसरले. पण साहेब शेवटी साहेब, त्यांनी विचारलं, शेठजींनी जोडी दिली असेल ना, दुसरी कुठे आहे?

"वाढवली," आजी म्हणाल्या.

बांगडी फुटली असं आपल्यात म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. साहेबांनी मान हलवली. तरी त्यांनी वैशालीकडे पाहून एवढं सांगितलं की कागद नसलेली अशी वस्तू लग्नात नवरीच्या हातात कुणी पाहिली, फोटोत आली, तर त्रास नवरीला होईल. आजी पदराची सुटलेली गाठ पुन्हा बांधत राहिल्या. साहेबांनी बांगडी जमा करून घेतली, स्वतःहून आणून दिल्याचं कागदावर लिहिलं आणि वर कळवतो म्हणाले.

निघताना आजी दारात थांबल्या. विचारलं, "त्या हत्तीचं पित्तर कोणी घातलं असंन का हो?"

जंगलातल्या हत्तीचं श्राद्ध कोण घालणार? गुणवंतभाऊंनी तसं सांगितलं.

"मंग मी घालीन. तिथी मालूम नाई, तं सर्वपित्रीले घालू. तुमी सारे जेवाले येजा."

*

आम्ही गेलो. खरं सांगते, निम्मे उत्सुकतेपोटी आणि निम्मे कढी-वड्यांपोटी.

अंगणात गुरुजी बसले होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हत्तीचं श्राद्ध धरलं होतं आणि ते लपवण्याचा ते आटोकाट प्रयत्न करत होते. त्यांनी नाव विचारलं. आजी म्हणाल्या, जंगलातल्याला नाव कोण ठेवतं? गोत्र विचारलं. आजींनी हात पसरले. गोत्र माहीत नसलं की कश्यप चालतं, असं म्हणून गुरुजींनी कश्यप लावलं. अशा रीतीने एक हत्ती अल्लीपुरात कश्यप गोत्राचा झाला.

वैशालीने पान वाढलं. कढी, वडे, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. आजींनी त्यात उसाचं कांडं आणि दोन केळी ठेवली. पान छपरावर गेलं. कावळ्याने घास घेतल्याशिवाय अंगणात कुणी जेवणार नव्हतं.

कावळे होते. शेजारच्या कडुनिंबावर चांगले ओळीने बसले होते. पण एकही खाली येईना.

वासुदेवने काव काव करून पाहिलं. गुरुजींनी पाणी शिंपडलं. वड्यांचा वास अंगणभर फिरत होता. शेवटी गुरुजी म्हणाले की आत्म्याची काही इच्छा राहिली असेल, कुणीतरी शब्द द्या.

गुणवंतभाऊ पुढे झाले. छपराकडे हात जोडून त्यांनी कबूल केलं की यापुढे दाताचा भाव करणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. मग धोटेसाहेब उभे राहिले. त्यांनी वन्यजीव संरक्षणावर बोलायला सुरुवात केली तेव्हा एक कावळा उडून दुसऱ्या झाडावर गेला. साहेब खाली बसले.

मी आजींकडे पाहत होते. त्या चुलीजवळ बसून राहिल्या होत्या, पदर तोंडाशी घट्ट धरून. वैशाली त्यांच्याजवळ गेली आणि उकिडवी बसली.

"आजी," ती म्हणाली, "मले काचेच्या चालतीन."

आजींनी तिच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि घरात गेल्या. आत डब्याचं झाकण वाजलं. दारातून मला दिसलं, त्यांनी तुरीच्या डाळीत कोपरापर्यंत हात घातला होता.

बाहेर आल्या तेव्हा हाताला डाळीची पिवळी भुकटी होती आणि मुठीत फडक्याची गाठ. त्यांनी गाठ सोडली आणि दुसरी बांगडी साहेबांच्या तळहातावर ठेवली. साहेबांनी बांगडीकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं, आणि सवयीने खिशातून कागद आणि पेन काढलं.

तेवढ्यात छपरावर पंख वाजले.

"कागद मंग करजा, साहेब," आजी म्हणाल्या. "बसा जेवाले. त्यानं सुरू केलं."