सोबत कोण आहे?

अप्पा गेले त्या दिवशी मी श्रीलंकेतल्या एका डोंगराळ गावात, हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि अगदी खुशीत होते. ते गेल्याचं मला तिथे कोणी कळवलं नाही. उरलेला सगळा प्रवास मी हसत-खिदळत, फोटो काढत केला. लोक म्हणतात, बरंच झालं की, निदान फिरणं तरी धड झालं. ते ऐकलं की अजून माझं डोकं फिरतं.

जायचं खरं तर आम्ही दोघा बापलेकींनी होतं. अप्पा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी जाफराबाद ते जालना आणि जालना ते मंठा अशी गेली. रिटायर झाल्यावर त्यांना एकच गोष्ट बघायची होती, अनुराधापूरचा बोधिवृक्ष. बुद्धगयेच्या मूळ झाडाची फांदी समुद्रापार नेऊन तिथे लावली, हे ते दर पौर्णिमेला विहारात कोणाला ना कोणाला ऐकवायचेच. पुढे माझी शाळेची सुट्टी जुळली, दोघांचे पासपोर्ट निघाले आणि नेमकं त्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली. मीही जाणं रद्द करायला निघाले, तर अप्पा चिडले.

"तू जा. मी फोनात पाहतो. दोघं मिळून घरात बसल्यानं माझं काळीज नीट होनार हाये का?"

गल्लीत चर्चा झालीच. बिनलग्नाची मास्तरीण, चाळिशीला आली, एकटी परदेशात चालली. अप्पांनी कोणाला भीक घातली नाही. फक्त मला बजावलं, "चाकावरची सीट घेऊ नको, धक्के बसतात. अन् गाडी थांबली की खाली उतरून आपल्या गाडीचा नंबर पाहून ठेव. परक्या गावात सगळ्या गाड्या सारख्याच दिसत्यात." मायने दशम्या, धपाटे आणि लसणाची चटणी बांधून दिली. वर आपलं पांढरं पातळ दिलं, झाडाखाली नेसायला.

तिथे फिरणाऱ्यांसाठी एक बस होती. किनाऱ्यावरून डोंगरात, डोंगरातून खाली जुन्या शहरांत, असा अर्ध्या देशाला वळसा घालणारी. मनाला येईल तिथे उतरायचं, हॉस्टेलात एका खोलीत सहा-आठ अनोळखी बायकांमध्ये एक खाट घ्यायची, पुन्हा ती बस आली की चढायचं. बोधिवृक्ष तिच्या वाटेवर सगळ्यात शेवटी होता. मी सरळ आधी तिकडे जाऊ शकत होते. पण ताटातला गोडाचा घास माणूस शेवटी ठेवतो, तसा मी तो ठेवला.

अप्पांचं टायपिंगशी वाकडं होतं. "ते बारीक अक्षरं माझ्यानं न्हाई दाबल्या जात," म्हणायचे. मी समुद्राचा फोटो पाठवला की त्यांचा आवाज यायचा, मागे मायची भांडी वाजत असायची. "पाह्यला समुंदर. बराबर. जेवली का? चल, डबल बेल." एसटीत दोनदा घंटी वाजली की ड्रायव्हर गाडी सोडतो. घरातही अप्पा प्रत्येक फोन असाच संपवायचे. चहाच्या मळ्यांचा फोटो पाठवला तेव्हाही तसाच आवाज आला. जरा दम लागल्यासारखा होता. मी विचारलं, तर म्हणाले, जिना चढून आलो.

त्या डोंगरातल्या हॉस्टेलात माझ्या खालच्या खाटेवर एक युरोपातली बाई होती, माझ्या मायच्या वयाची. तीही एकटीच निघालेली. मोडकंतोडकं इंग्रजी मी बोलायचे, तीही तसलंच बोलायची, त्यामुळे आमचं छान जमलं होतं. धपाट्यावर ती बेहद्द खूश. लसणाच्या चटणीने तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी पुन्हा बोट लावून चाटली. त्या सकाळी ती गच्चीवर माझ्याच शेजारी केस विंचरत बसली होती. तेव्हा धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, कुठं हायेस?"

म्हटलं, गच्चीवर.

"सोबत कोन हाये?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "एकटीच आहे. मजेत."

मला मिरवायचं होतं. एकटीने एवढं निभावतेय, हे त्याला ऐकवायचं होतं. मागे माणसांचा गलबला होता. मी विचारलं, घरी एवढं कोण आलंय? म्हणाला, "शेजारी कार्यक्रम हाये." अप्पांना दे म्हटलं, तर म्हणाला, गोळी घेऊन पडलेत. मग म्हणाला, "तू जेवन कर ताई," आणि फोन ठेवला.

आमच्या भागात हा प्रश्न काय असतो हे मला शेंबड्या वयापासून ठाऊक आहे. मयताची बातमी एकट्या माणसाला कोणी सांगत नाही. आधी विचारतात, सोबत कोण आहे. कोणी असेल तर फोन त्याच्याकडे द्यायला सांगतात. त्याला कानात सांगतात, धरून बस म्हणतात, आणि मग खऱ्या माणसाला कळतं. शाळेत आमच्या एका बाईंचा नवरा गेला, तेव्हा मीच तो फोन घेतला होता आणि मीच त्यांचा दंड धरला होता. तरी त्या गच्चीवर माझ्या डोक्यात काही आलं नाही. परदेशात गेलं की आपल्याकडच्या गोष्टी आपल्याला लागू नाहीत, असं वाटतं की काय कोण जाणे. हाताच्या अंतरावर एक चांगली बाई बसली होती. मी तिला मोजलंच नाही.

त्यानंतर अप्पांचा आवाज यायचा थांबला आणि अक्षरं यायला लागली. पहिल्यांदा आलं, "जेवली का". मी बसमध्ये एकटीच हसले. उलट लिहिलं, "शिकलात की टाइप करायला! आल्यावर तुम्हाला माझ्या वर्गात बसवते." बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "हो". डबल बेल नव्हती. मला वाटलं, कंटाळले असतील बोटं दाबून. शेजारच्या सीटवरच्या परक्या मुलीला मी मोठ्या कौतुकाने सांगितलं की माझे वडील ह्या वयात टायपिंग शिकले.

अनुराधापूरला पोचले, मायचं पांढरं पातळ नेसले आणि झाडापाशी गेले. सगळीकडे पांढऱ्या कपड्यांतली माणसं, हातात कमळं. आमच्या विहारातल्याच बायका आधी येऊन बसल्यात असं वाटलं. त्रिशरण सुरू झालं. चाल वेगळी, शब्द मात्र तेच, जे अप्पांनी मला मांडीवर बसवून शिकवले होते. मीही म्हणायला लागले, तशी एक म्हातारी सरकली आणि तिने मला शेजारी जागा दिली. मी व्हिडिओ सुरू करून फोन उंच धरला, झाड दाखवलं, आधाराला लावलेले सोनेरी टेकू दाखवले, वाऱ्याने हलणारी पानं दाखवली आणि ते सगळं अप्पांना पाठवलं.

उत्तर यायला फार वेळ लागला. "दिसल. हात जोडले." एवढंच होतं. मी फोन छातीशी धरून रडले, आनंदाने. अप्पांचं झाड त्यांना दिसलं होतं. एवढ्याचसाठी तर मी आले होते.

परत आले तेव्हा जालन्याच्या स्टेशनवर एकटा भाऊ येणार होता. गाडीतून उतरले, तर त्याच्याबरोबर आत्या उभी. आत्या केदारखेड्याला असते आणि स्टेशनवर कोणाला घ्यायला येणाऱ्यांतली नाही. ती काही न बोलता पुढे आली, माझ्या पाठीवरची पिशवी काढून खाली ठेवली आणि दोन्ही दंड घट्ट धरले. भावाने तोंड उघडायच्या आधी मला कळलं.

घरी जाऊन मी फार वाईट बोलले. तुम्ही मला फसवलं, म्हणाले. माझा बाप गेला आणि तुम्ही मला फोटो काढत हिंडू दिलं. भावावर ओरडले की अप्पांच्या नावाने लिहिताना तुझा हात कसा धजला. तो मान खाली घालून म्हणाला, "मी न्हाई लिव्हलं, ताई. मायनं लिव्हलं."

माय चौथी शिकलेली. गॅसच्या पुस्तकावर सही करतानाही जीभ दातांत धरते. भिंतीशी बसली होती, डोळे सुजलेले. घर बायांनी भरलेलं असताना ती चष्मा लावून एका कोपऱ्यात एकेक अक्षर हुडकत बसायची, असं आत्याने सांगितलं. कोणी काही विचारलं, तर म्हणायची, लेकीला जबाब देऊन राह्यले.

"कशाला केलंस असं?" मी विचारलं.

"तूच सांगितलं ना, सोबत कोनी न्हाई म्हनून. तुला तिथं धरायला कोन व्हतं?"

तरी धग गेली नव्हती. म्हटलं, हात जोडले म्हणून खोटं तरी लिहायला नको होतं.

"खोटं न्हाई लिव्हलं," माय म्हणाली. "तुझं झाड त्याईच्या फोटोसमोर धरलं, संपेपर्यंत. मंग मी जोडले हात. दोघांचे."

अप्पांचं पुण्यानुमोदन, आमच्यात मयतानंतर करतात तो विधी, माझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं. त्या दिवशी मी पुन्हा तेच पातळ नेसले. त्रिशरण म्हणताना सगळा वेळ माय माझा दंड धरून होती, आणि मी तिचा.

अप्पांचा फोन आता मायकडे असतो. माझ्या फोनात त्या नंबरवर अजून अप्पांचंच नाव आहे. मी कुठे गावाला निघाले की त्या नावाने येतं, "जेवली का", आणि दर वेळी काळजात चर्र होतं. नाव बदलावंसं मात्र वाटत नाही. परवा मंठ्याच्या गाडीत होते. भावाचा फोन आला, त्याचा आवाज बसलेला. "ताई, सोबत कोन हाये?" त्याला नुसती सर्दी झाली होती आणि जेवायला माझ्यासोबत किती जण येताहेत ते हवं होतं, पण ते मला नंतर कळलं. मी शेजारच्या सीटवर बघितलं. एक अनोळखी बाई मांडीवर पिशवी घेऊन पेंगत होती. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "आहे. सांग."