निवळीचे दोन फेरे

"मडकं जरा वर धर. मागच्यांना दिसत नाही."

सर माईकवरूनच बोलले. सभागृह हसलं. रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकीची वार्षिक व्याख्यानमाला, विद्यापीठातला मानाचा कार्यक्रम. आणि मी, सरांची पीएचडीची विद्यार्थिनी, गुडघ्यापर्यंत लुगडं नेसून स्टेजच्या कडेला उभी. लुगडं त्यांनीच भाड्यानं आणवलं. "तू सूर्यमाळच्या आदिवासी पाड्यावरची ना? मग शोभेल तुला," म्हणाले.

व्याख्यान सरांचं. विषय, गढूळ पाणी निवळीच्या बीनं स्वच्छ करणं. पडद्यावरचं मोजमाप माझं, दोन वर्षांचं. नाव त्यांचं. सरांनी आयुष्यात एक बी घासली नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या, बस.

"या लोकांना यातलं शास्त्र ठाऊक नसतं," ते म्हणाले. "नुसती हाताची सवय."

माझे कान तापले. उन्हाळ्यात आमच्या पाड्यावर झऱ्यातलं पाणी वाटीनं भरावं लागतं, मातीसकट. आई मडक्याच्या आत निवळीची बी घासते. दर वेळी बजावते, "दोन फेरं पुरं. जास्ती घासलंस त पानी परत गढूल." माझ्या मोजमापात तेच आलं होतं. तेव्हा सर म्हणाले, "चुकलीस. शेवटचे आकडे काढून टाक." मी काढले. आईवर विश्वास नव्हता, सरांवर होता. त्या भाड्याच्या लुगड्यापेक्षा याची लाज मला जास्त वाटते.

पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "बी किती घासायची?"

"जितकी जास्त, तितकं पाणी स्वच्छ," सर म्हणाले.

मी मडकं खाली ठेवलं. माईक नव्हता, मोठ्यानंच बोलले. "नाही सर. रस जास्त झाला की मातीचा कण न् कण लिंपला जातो. एकमेकांना चिकटायला जागाच उरत नाही. पाणी परत गढूळ होतं. ते आकडे तुम्ही काढायला लावलेत आणि मी काढले."

कुणी टाळी वाजवली नाही. संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "माफीचं पत्र दे. नाहीतर प्रबंधावर माझी सही विसर."

पत्र दिलं नाही. सही अडलीय. एका जागी बसवत नाही, घरी अजून सांगितलेलं नाही. काढलेले आकडे प्रबंधात परत घातलेत, सगळे. दुसऱ्या मार्गदर्शकासाठी अर्ज टाकलाय. नाकारला तर पुन्हा टाकीन. ज्याला खोटं वाटतं त्यानं प्रयोगशाळेत यावं, माझ्यासमोर बसून मोजावं. कुणाच्या सांगण्यावरून मी आता एकही आकडा खोडणार नाही.