भाऊजींचं संशोधन

काळजी करण्यात माझ्या भाऊजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या भोपाळात सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली पाच वर्षं ते केसाएवढ्या काचेच्या तारेतून लेझर काढताहेत. नेहमीच्या लहरींच्या पट्ट्यात म्हणे फोन-इंटरनेटची फार गर्दी झालीय. पलीकडे लांब लहरींचा पट्टा मोकळा पडलाय, तिथे चालेल असा लेझर त्यांना हवाय. पण ही लांब लहर भारी नाजूक. तार जरा जास्त वाकली की प्रकाश वळणावरच सांडतो. हे कळल्यापासून भाऊजींनी वाकण्याचाच धसका घेतलाय. पिपलानीतल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये चार्जरची वायर गुंडाळायची सोय नाही. बागेतला पाइप मुडपला तर जेवणावरून उठतात, आणि ताई साडीची घडी घालायला लागली की तोंड फिरवतात. एका रविवारी पोह्यांबरोबर जिलबी आणली, तर ती उजेडात धरून म्हणाले, "इतके वळसे? यातून पलीकडे काय पोचणार?" मग चार खाल्ल्या.

बरं, एवढा जीव टाकून तो प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. ताई एकदा हौसेनं बघायला गेली. यंत्राच्या पडद्यावर आलेखाचं एक बारीकसं टोक, तेही मधूनच सरकणारं. "चालू आहे की बंद?" एवढंच तिनं विचारलं.

यंदा प्रकल्पाची मुदत संपली. आणखी सहा महिने मिळाले नाहीत, तर त्यांचं टेबल दुसऱ्याला जाणार. भाऊजींनी हिंदीत अर्ज लिहिला आणि तपासायला शिवाजी नगरला माझ्याकडे आणला, कारण मी शाळेत हिंदी शिकवते. "मेरा संशोधन अभी बाकी है।" मी वाचलं, छान म्हटलं, चहा दिला. आठ दिवसांनी अर्ज कॉलेजच्या ऑफिसचा शेरा घेऊन परत आला: "संशोधन किसमें? पहले त्रुटियाँ बताएँ।" मराठीतलं संशोधन हिंदीत गेलं की चुकांची दुरुस्ती होतं, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. पण घरचं माणूस समोर बसलं की माझे डोळे मराठीच वाचतात, त्याला काय करू?

"भाऊजी, एक शब्द बदलू, 'शोध' लिहू," मी म्हटलं. ऐकतील तर शपथ. "त्यांनी चुका विचारल्यात ना? मग सांगायला नकोत?" म्हणाले, आणि तिथेच बसून अकरा चुका लिहिल्या. कच्चा जोड, खुर्चीच्या पायाखाली आलेली तार, असं सगळं. अकरावी अशी: "प्रकाश आँखों से नहीं दिखता। पाँच साल में घर पर किसी को कुछ दिखा नहीं सका।"

सोमवारी अर्ज गेला. उत्तर अजून नाही. फोन वाजला की ताई आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघते, आणि मला माझं ते 'छान' आठवून कसंतरी होतं.

अर्ज टाइप करताना मी त्यातल्या दहाच चुका घातल्या. अकरावी त्यांची चूक नव्हतीच. हिंदीच्या बाईंनी केलेलं तेवढंच संशोधन. त्यांच्या हातचा तो अकरा चुकांचा कागद ताईला द्यायचा आहे, धीर होत नाही. तोवर माझ्या वहीत ठेवलाय, घडी न घालता.