डाव्या हातातला टंबलर

मिलोशने कॉफीचा टंबलर डाव्या हाताने घेतला, तेव्हाच मी घाबरले; एरवी तो उजवाच हात पुढे करतो. ऑफिसात दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. "तू तर प्रिंटर सुरू झाला तरी दचकतेस!" आमची एचआर म्हणाली. खरंय ते.

चेन्नईतल्या एका फुटबॉल क्लबात मी परदेशी खेळाडूंचं सगळं बघते: सिम, गॅस, व्हिसा. मिलोश आमचा सर्बियन गोलकीपर. सहा देशांत खेळून इथे आलेला, छत्तिशी उलटलेला. गोलकीपरपाशी किस्से जास्त साठतात. बाकीचे धावत असतात, हा उभा असतो. सगळं शेवटी त्याच्याकडेच येतं ना!

*

पहिल्याच दिवशी त्याने मागून "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि माझ्या हातातून काचेचा पेपरवेट सुटला. जमिनीपासून वीतभर वर त्याने तो झेलला, टेबलावर ठेवला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला,

"पुढच्या वेळी दुसऱ्या कोपऱ्यात टाक. हा सोपा होता."

*

अड्यारमध्ये त्याला घर मिळवून दिलं. मालकीणबाई तंजावरकडच्या मराठी. मला बाजूला घेऊन विचारलं, "हा काम काय करतो, अम्मा?"

मी समजावलं. दीड तास उभं राहायचं, आत काही येऊ द्यायचं नाही.

"म्हणजे वॉचमन! सरी, सरी, कळलं."

दुसऱ्या दिवसापासून रोज दहीभाताचा डबा वरच्या मजल्यावर, त्याच्याकडे. "दिवसभर उभा असतो बिचारा!"

*

तो बसने फिरायचा. कंडक्टर ओरडला, "मुन्नाडी पो!", की अख्खी बस पुढे सरकते, हे त्याने बघून ठेवलं. शनिवारच्या मॅचमध्ये आमचे डिफेंडर फार मागे आले, तेव्हा गोलमधून आवाज घुमला, "मुन्नाडी पो!"

सगळे पुढे सरकले. एकाने मात्र वळून हात पुढे केला, "अण्णा, टिकट?"

*

एकदा विचारलं, इतका चांगला गोलकीपर कसा झालास? त्याच्या गावचं मैदान नदीकाठी होतं म्हणे. गोलच्या मागे लगेच पाणी. गोल झाला की बॉल वाहत जायचा, संथपणे, पांढरा ठिपका होईपर्यंत. आणायला गोलकीपरनेच पोहायचं.

"मग?"

"मला थंडी सोसत नाही."

*

दर रविवारी तो चेन्नईजवळच्या कोवलमला, समुद्रावर जायचा. तिथे मेरीअक्का वाळूत बसून मासेमारीची जाळी सांधते. एकदा तो आमच्या सरावाच्या गोलचं फाटकं जाळंच घेऊन गेला. मी सोबत, दुभाषी म्हणून. अक्काने ते वाऱ्यावर धरलं. जाळं फुगलं, त्यामागे निळा समुद्र चौकोनाचौकोनांत हलत होता.

"एवढी मोठी भोकं? यात सापडणार काय?"

"काही सापडू नये, म्हणून तर मी उभा असतो," तो म्हणाला. मी तमिळमध्ये सांगितलं. अक्का इतकी हसली की सुई वाळूत पडली. ती शोधायला अर्धा तास लागला. तो डाव्या हातानेच शोधत होता!

परतताना बसमध्ये मी विचारलंच. त्याने उजव्या हाताचं सुजलेलं बोट दाखवलं. महिनाभर टेप लावून खेळत होता. तपासणीला तयार झाला, पण एका अटीवर. "रिपोर्ट काहीही येऊ दे, मला तूच सांगायचंस. कोचने नाही."

"मीच का?"

"तू आधी घाबरशील. मग मला घाबरायला वेळच मिळणार नाही."

*

आज दुपारी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं: या बोटाने आता गोलकीपिंग नाही. कधीच नाही. चार वाजता कोच मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगणार, आणि पाचव्या मिनिटाला ते ग्रुपवर येणार. साडेतीन वाजलेले. मिलोश घरी नाही. मालकीणबाईंकडे डबा तसाच. नऊ वेळा फोन लावला, नऊही वेळा नुसती रिंग.

दहाव्या वेळी कुणीतरी उचलला. आधी समुद्र ऐकू आला. मग मेरीअक्का.

"जाळं सांधायला बसलाय, त्याचे दोन्ही हात जाळ्यात आहेत गं. थांब, फोन त्याच्या कानाला धरते. हं, बोल!"