उलांडी डाव्या बाजूलाच

सायमनबाबनी तिकिटाचं मशीन माझ्या टेबलावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "वैनी, पणजीचो माणूस सांजेक येतलो. तेची मशीना फोटो छापतत. तुमची होडी छापून झाली नाय, तर आमका तेकाच काम देवचा लागतला."

सायमनबाब मालवणातल्या एका होडीवाल्यांच्या संस्थेचे अध्यक्ष. मी कुडाळला कॉम्प्युटरचं दुकान चालवते. त्यांच्या सगळ्या तिकीट मशीनची देखभाल माझ्याकडे, आणि दुकानाचा निम्मा भार त्याच कामावर. त्यांची अडचण खरी होती. जेट्टीवर संस्था बऱ्याच, तिकिटं सगळ्यांची सारखीच पांढरी. छापलेलं नाव कोणी वाचत नाही. यांचे प्रवासी बिनधास्त दुसऱ्याच्या होडीत जाऊन बसत. तिकिटावर होडीचं चित्र हवं होतं आणि यांची मशीनं जुनी. ती फक्त अक्षरं छापतात.

"मग अक्षरांचीच होडी काढू," मी म्हणाले.

"अक्षरांची होडी तरंगतली?"

"बसा तर खरं. चहा मागवते."

तिरक्या रेघा, आडव्या रेघा, कंस, टिंबं ही कीबोर्डवरची चिन्हं नीट मांडली की लांबून चित्र दिसतं. त्यासाठी एक प्रोग्राम असतो. काळी खिडकी उघडते, तिच्यात न दिसणारी घरं असतात आणि प्रत्येक घरात एकच चिन्ह बसतं. कीबोर्डने काढायचं तर बाणाची बटणं दाबत घरोघर फिरावं लागतं. जेवणाची वेळ झाली तरी माझा होडीचा नुसता तळ तयार होता. या गतीने संध्याकाळ गाठणं शक्य नव्हतं. माऊस वापरायचं ठरवलं.

माऊस ओढला तर रेघ उमटेना, नुसता निळा पट्टा पडायचा. उजव्या बटणाने पुसलं जातं असं मदतीच्या पानावर लिहिलेलं. ते दाबलं. पुसलं काहीच नाही, उलट शिडाच्या जागी भराभर ओळी उतरल्या. माझं बोट सवयीने सेव्हवर गेलं. सेव्ह झालं की कॉम्प्युटरला जोडलेलं तिकीट मशीन एक नमुना छापतं. तो छापला.

सायमनबाबनी कागद डोळ्यांजवळ धरला. "सोडे. तिरफळा. कोकमा. वैनी, ही होडी खंय चल्ली, बाजाराक?"

त्या दिवशी कुडाळचा बाजार होता. सकाळी मी इंग्रजी अक्षरांत स्वयंपाकाच्या सामानाची यादी टाईप करून नवऱ्याला पाठवायला कॉपी केली होती. तीच चिकटली होती.

पण त्यातूनच दुखणं कळलं. काळी खिडकी वेगळी आणि तिच्यात चालणारा प्रोग्राम वेगळा. माऊस आधी खिडकीच्या हाती लागतो. तिच्या लेखी ओढणं म्हणजे निवडणं, आणि उजवं बटण म्हणजे कॉपी केलेलं चिकटवणं. प्रोग्रामपर्यंत माऊस पोचतच नव्हता. सेटिंगमध्ये माऊस प्रोग्रामच्या ताब्यात देणारी एक खूण असते. ती केली आणि सगळं सुरळीत झालं. डाव्या बटणाने रेघ, उजव्याने पुसणं, चाक फिरवलं की चिन्ह बदलणार. शीड एका ओढीत वर गेलं. चहाचा दुसरा कप येईपर्यंत होडी उभी होती, शेजारी उलांडीसकट. उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात तो लाकडी ओंडका.

"बरी आसा," सायमनबाब म्हणाले. मग मान तिरकी केली. "उलांडी उजवीकडे लावलास?"

माझ्या होडीचं तोंड उजवीकडे होतं आणि उलांडी बघणाऱ्याच्या बाजूला. म्हणजे होडीत बसलेल्याच्या उजव्या हाताला. आमच्याकडे ती डावीकडेच असते.

"पर्यटकांना काय कळणार?"

"पर्यटकाक नाय. माझ्या माणसांका कळतला. अशी होडी ते दाखवचेच नाय कोणाक."

पटलं. सकाळची मी असते तर पुन्हा पहिल्यापासून बसले असते. आता माऊसने होडीभोवती चौकट ओढली आणि आरशासारखी उलटवली. तोंड डावीकडे गेलं, उलांडी आपोआप योग्य हाताला आली. फक्त तिरक्या रेघा जुन्याच दिशेला झुकलेल्या राहिल्या. चाक फिरवून त्या एकेक बदलल्या. सेव्ह केलं.

सायमनबाबनी कागद फाडला, हात लांब करून पाहिला आणि खिशातून फोन काढला. "पणजीकार बोलतत? तुमी येव नकात. आमची होडी लागली."

आता जेट्टीवर लहान पोरंसुद्धा तिकीट दाखवून विचारतात, ही होडी कुठली. कोणी चुकत नाही. देखभालीचं काम माझ्याकडेच आहे. तो पहिला नमुना मात्र सायमनबाबनी तिकीट खिडकीच्या काचेवर चिकटवलाय, आणि तो वाचून माणसं होडीत जेवण मिळतं का म्हणून विचारतात.

माझ्या कामाच्या यादीत तेव्हापासून सर्वांत वर एक ओळ आहे: उजवं बटण दाबण्याआधी माऊस कोणाच्या ताब्यात आहे ते बघणे.